परसातले पाणी आणि परसातला उजेड

वार्षिकांकासाठी अभ्यासपूर्ण लेख हवेत, अशी सूचना फलकावर लागली की आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे पाय आपोआप ग्रंथालयाकडे वळतात आणि मग संतकवींपासून नवकवींपर्यंत कोणाचीच सुटका होत नाही. या खेपेस मी ग्रंथालयाऐवजी आमच्या घराच्या परसाकडे वळले आहे. विषय तसा घरगुतीच आहे. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद एवढ्याशा जागेत, तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती असताना, संध्याकाळी बसले तर मनाला स्वस्थ वाटेल अशी बाग करता येते काय? तिच्यात पाणी किती असावे आणि दिवे किती असावेत? या अभ्यासापायी माझ्या दोन सुट्ट्या, बाबांच्या पेन्शनीतले काही हजार रुपये आणि आजीची कित्येक रात्रींची झोप खर्ची पडली आहे. तेव्हा हा अभ्यासच नव्हे, असे निदान घरचे तरी म्हणणार नाहीत.

आमचे घर लोणावळ्यास भांगरवाडीत आहे. पुढे छोटी ओसरी, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या दाराबाहेर हे परस. तुळशीवृंदावन, धुण्याचा दगड, एक जुनी दगडी डोण आणि अळूचे चार गड्डे एवढाच तिथला ऐवज. आजी रोज दिवेलागणीनंतर धुण्याच्या दगडावर तासभर बसे. मग मागच्या बाजूस सुट्टीपुरते येणाऱ्यांचे बंगले उठले, त्यांच्या कुंपणावर मोठे दिवे लागले आणि आजीचे बसणे हळूहळू थांबले. कारण विचारले तर ती एवढेच म्हणाली, "परसात आता रात्रच होत नाही गं."

तिला पुन्हा बाहेर आणावे या हेतूने आम्ही बाग करायला घेतली. पहिल्या वर्षी आम्ही जे केले ते कोणीही करू नये, म्हणून आधी तेच सांगते. पुण्याहून सिमेंटचे तयार कारंजे आणले. तीन मजली, टोकाला कमळाची कळी. त्याच्या पोटात रंग बदलणारा दिवा होता: तांबडा, हिरवा, निळा आणि पुन्हा तांबडा. भिंतीवर बाबांनी पांढऱ्याशुभ्र दिव्यांची माळ लावली. परस असे काही लखलखले की, शेजारच्या बंगल्यातल्या पाहुण्यांनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. आजी दहा मिनिटे बसली, "छान आहे" म्हणाली आणि आत जाऊन तिने खिडकी लावून घेतली.

खरी गंमत रात्री झाली. कारंजे चालूच राहिले होते. दीडच्या सुमारास आजी उठली आणि मोरीतला नळ पाहून आली. तासाभराने पुन्हा उठली आणि परसातल्या नळाची तोटी आवळून आली. तिसऱ्यांदा तिने मला हलवले. "अगं, कुठंतरी पाणी वाया जातंय. तुला ऐकू येत नाही का?" मी म्हटले, "आजी, ते कारंजं आहे. शांत वाटावं म्हणून लावलंय." त्यावर ती म्हणाली, "पाणी सांडत असताना मी शांत कशी पडून राहू?"

आजीचे माहेर पवन मावळातले. चैत्र सरला की वाडीचा झरा आटे आणि खालच्या झऱ्यावर वाटीने पाणी भरावे लागे. एक हंडा भरायला कधी अर्धा तास, कधी तास. ज्या बाईने बालपणी असे पाणी वाटी वाटीने जमवले, तिला खळखळाट ऐकून निसर्ग आठवत नाही, उघडा राहिलेला नळ आठवतो. बागेसंबंधीच्या पुस्तकांतून वाहत्या पाण्याचा आवाज मनाला विश्रांती देतो असे सरसकट लिहिलेले असते. मला त्या रात्रीपासून वाटू लागले की, पाण्याचा आवाज विश्रांती देतो खरा, पण ते पाणी कोठून आले आणि कोठे चालले याची ऐकणाऱ्याला खात्री असेल तरच.

येथे भूगोलाचा थोडा आधार घेतला पाहिजे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरांच्या आसपास, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. येथे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; साठ-पासष्ट किलोमीटर पूर्वेला पुण्यात तोच सातशेच्या घरात येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हा हिशेब शाळेतच शिकवतात, पण तो आपल्या कौलांना कोणी लावून पाहत नाही. आमचे छप्पर चाळीस चौरस मीटर धरले तर त्यावरून वर्षाकाठी एक लाख साठ हजार लिटर पाणी खाली येते. आणि तरीही मावळातल्या वाड्यांवर वैशाखात हंडे रांगेत का लागतात? कारण हा सगळा पाऊस जेमतेम चार महिन्यांत येतो, उतार तीव्र, खाली कातळ, वर माती वीतभर. पाणी थांबत नाही. तेव्हा येथल्या बागेला दोन ऋतूंचे दोन निराळे प्रश्न आहेत: आषाढात पाणी बाहेर कसे काढायचे आणि चैत्रात ते आत कसे राखायचे. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर बेतलेले आमचे कारंजे दोन्ही प्रश्नांना नापास झाले. पहिल्याच पावसात त्याचे कुंड तुंबून पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागले.

हे प्रश्न येथे कोणी सोडवले आहेत का, असे मी आमच्या इतिहासाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "दोन हजार वर्षांपूर्वी सोडवलेत. भाज्याला जाऊन ये."

लोणावळ्याहून लोकलने मळवली हे पुढचेच स्टेशन, आणि तेथून पायी भाजे. लेणी आपण चैत्यगृह आणि शिल्पे पाहायला जातो. मीही दोनदा सहलीबरोबर जाऊन आले होते, पण पाण्याची टाकी कधी पाहिली नव्हती. भाजे, बेडसे आणि कार्ले या तिन्ही ठिकाणी कातळाच्या पोटात खोदलेली टाकी आहेत. लेण्यांच्या अभ्यासात त्यांना पोढी म्हणतात आणि हा शब्द शिलालेखांतलाच आहे. भाज्याला एका टाक्याजवळच्या ब्राह्मी लेखात ती पोढी महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत याचे दान असल्याचे कोरले आहे. बेडश्याच्या एका टाक्यावर सामडिनिका नावाच्या एका महारठिनीचे नाव आहे. मला याचे मोठे अप्रूप वाटले. मूर्ती नव्हे, स्तंभ नव्हे, पाण्याचे टाके दान केले आणि ते कोणी केले हे दगडात लिहून ठेवले. त्या काळीही या डोंगरात पाण्याचा हिशेब राखला जात होता तर!

पोढीची रचना नीट पाहण्याजोगी आहे. बाहेरून तोंड लहान, आत पोकळी मोठी. वर कातळाचे छत असल्याने पाण्यावर ऊन पडत नाही, आणि उन्हावाचून पाणी फारसे उडून जात नाही. कातळावरून ओघळणारे पावसाचे पाणी बारीक पन्हळींनी तोंडाशी आणलेले असते. पाणी स्वस्थ, काळे, थंड. मी तोंडाशी वाकले तेव्हा आत माझा चेहरा आणि मागे आभाळाचा एक तुकडा दिसला. कारंज्यात मी हेच शोधत होते.

त्यानंतर आम्ही कारंजे काढून टाकले (ते सध्या आत्याच्या अंगणात आहे आणि तिला ते अतिशय आवडते, हेही नमूद केले पाहिजे). त्या जागी गवंडीकाकांकडून पाच फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल असा एक साधा हौद जमिनीत बांधून घेतला. काठ काळ्या दगडाचा, तळाला काळी कडप्पा फरशी. तळ काळा ठेवण्यावरून घरात बरीच चर्चा झाली. आईचे मत निळ्या टाइल्सकडे होते. परंतु निळ्या तळाकडे पाहिले की टाइल्सच दिसतात, काळ्या तळाकडे पाहिले की आभाळ दिसते. हौद पश्चिमेच्या भिंतीलगत घेतला, म्हणजे दुपारनंतरचे ऊन भिंत अडवते. अशा हौदात साधारण साडेआठशे लिटर पाणी मावते. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सात-आठ मिलिमीटर खाली जाते असे धरले, तर आमच्या हौदातून रोज दहा लिटरांच्या आसपास, म्हणजे एक लहान बादली पाणी उडून जाईल. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी गाळून झाडांना घातले की तेवढी बादली वाचते. हा हिशेब मी कागदावर मांडून आजीला वाचून दाखवला. तिने तो दोनदा ऐकला आणि मग बांधकामाला परवानगी दिली.

पावसाळ्यासाठी हौदाच्या काठाखाली चार बोटांवर एक रुंद नळी काढून ती थेट गटाराला जोडली आहे, तोंडाला जाळी. लोणावळ्यात चोवीस तासांत दोनशे मिलिमीटर पाऊस ही काही अनोखी गोष्ट नाही, आणि एवढ्या पावसात आमच्या परसावरच साडेपाच हजार लिटर पाणी कोसळते. ते वाट शोधणारच. जमिनीला स्वयंपाकघरापासून दूर असा हातभर उतार दिला. पायवाटेच्या फरश्यांना टाकी लावून त्या खरबरीत करून घेतल्या, कारण श्रावणापर्यंत येथे दगडच काय, माणसेही शेवाळतात.

मग आवाजाचा प्रश्न. संपूर्ण निश्चल पाणी मला पसंत होते, पण बंगल्यांतून येणाऱ्या गाण्यांवर उतारा म्हणून काहीतरी हळू आवाज हवा होता. जुनी दगडी डोण हौदाच्या एका टोकाला चौथऱ्यावर बसवली. हौदातले पाणी अठरा वॅटचा लहान पंप डोणीत चढवतो आणि डोणीच्या ओठावरून ते परत हौदात पडते. रोज चार तास चालवला तरी महिन्याला दोन युनिटांच्या थोडेच वर जाते. पहिल्यांदा पाणी दोन फुटांवरून पडत होते. आवाज थेट नळाचा. गवंडीकाकांनी डोण खाली घेतली. दीड फूट, एक फूट, शेवटी वीतभर. ओठ सपाट होता तेव्हा पाण्याचा पदर पडे आणि आवाज फुटका येई. काकांनी छन्नीने करंगळीएवढी खाच पाडली. पाण्याची एकच धार झाली आणि आवाज खोल गेला. पडणाऱ्या धारेखाली पाण्यात एक चपटा दगड ठेवला की आवाज आणखी बदलतो. तो दगड आम्ही किती वेळा सरकवला याची मोजदाद नाही. पुस्तकांतून एवढी गोष्ट मात्र कोठे आढळली नाही, की आवाज ऐकायचा तो हौदाशी उभे राहून नव्हे, तर जिथे माणूस बसणार तिथे बसून. मी हौदाशी उभी राहून "उत्तम" म्हणत होते आणि बसायच्या जागी काहीच पोचत नव्हते.

आजीला मी पंप उघडून दाखवला. तेच पाणी वर जाते, तेच खाली येते, एक थेंबही गटारात जात नाही. तिने हौदाच्या काठाला कोळशाने रेघ मारली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेखाली किती गेले ते बोटाने मोजले आणि मगच तिचा विश्वास बसला. त्या रात्री ती एकदाही उठली नाही.

डासांविषयी लिहिले नाही तर आरोग्य विभाग आणि आमची आई दोघेही रागावतील. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून हौदात गप्पी मासे सोडले आहेत. ते डासांच्या अळ्या खातात. फक्त हौद भरून वाहील तेव्हा ते गटारातून ओढ्यात जाऊ नयेत यासाठी जाळी बारीक हवी, कारण हा मासा मूळचा इकडचा नव्हे आणि ओढ्यातल्या आपल्या माशांना तो जाच करतो. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि झाकणे दर शनिवारी उपडी करतो. लहान मुले येणार असतील त्या दिवशी हौदावर लोखंडी जाळी ठेवतो. ती दिसायला वाईट आहे. असू दे.

आता उजेड. याचे शिक्षण मला कार्ल्याला मिळाले. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे अडतीस मीटर लांब आणि चौदा मीटर उंच आहे, आणि एवढ्या मोठ्या दालनाला उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी भागातल्या एका पिंपळपानी गवाक्षातून. लेणे पश्चिमाभिमुख आहे. मी गेले तेव्हा दुपार कलली होती. उजेड वरून तिरपा येऊन मधल्या जागेत पसरला होता आणि टोकाचा स्तूप सौम्यपणे उजळला होता. खांबांच्या मागच्या दोन्ही वाटा मात्र जवळजवळ अंधारात. आत उभे राहून स्तूपाकडे तोंड केले की उजेड कोठून येतो ते दिसत नाही, कारण तो आपल्या पाठीमागे असतो. दिसते ती उजळलेली वस्तू. उरलेल्या अंधारामुळे दालन आहे त्याहून मोठे वाटते. आमच्या परसात आम्ही नेमके उलटे केले होते: दिव्यांची माळ डोळ्यांसमोर आणि चारी भिंती उजळलेल्या. वीस फुटांचे परस त्यामुळे बरोबर वीस फुटांचेच दिसत होते.

उजेडाविषयी मावळाने बोलावे यात एक योग आहे. मुंबईच्या गिरण्यांना पाण्यापासून केलेली वीज मिळाली ती याच डोंगरांमुळे. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथल्या तलावांचे पाणी घाटाखाली सुमारे पाचशे मीटर उतरवून खोपोलीला १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले. मूळ कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ मध्येच वारले होते. पाणी अडवायचे आणि त्याचा दिवा करायचा ही गोष्ट लोणावळ्याने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी केली. पण दिवा किती करायचा याचे भान आम्हां लोणावळेकरांना राहिले आहे असे रात्री बाजारातून येताना मला वाटत नाही.

डोळ्यांचा एक धर्म ध्यानात घेण्यासारखा आहे. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एक झगझगीत दिवा तो सराव क्षणात मोडतो. म्हणजे बागेत दहा मंद दिवे असले आणि अकरावा प्रखर असला तर दहा व्यर्थ. आम्ही माळ उतरवली आणि तीनच दिवे ठेवले. एक डोणीमागे, भिंतीकडे तोंड करून. त्याचा उजेड भिंतीवरून परतून धारेवर येतो. दुसरा शेजाऱ्यांच्या फणसाच्या आपल्याकडे झुकलेल्या फांदीखाली. तिसरा पायरीपाशी घोट्याच्या उंचीवर, आजीच्या पायांसाठी. तिन्ही दोन-तीन वॅटचे एलईडी, पिवळसर उजेडाचे. दुकानात केल्विन विचारून घ्यावे. सत्तावीसशेच्या आसपासचा दिवा समईच्या जवळ जातो, साडेसहा हजारांचा पांढरा दिवा दवाखान्याची आठवण देतो. तारा बारा व्होल्टच्या, ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी, आणि मेन स्विचला गळती होताच वीज तोडणारे यंत्र. पाणी, पाऊस आणि वीज एकत्र येतात तेथे काटकसर नको; हे काम आम्ही परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतले. पाण्याच्या आत दिवा ठेवलेला नाही. तो ठेवला की तळ, पंप, नळी आणि मासे दिसतात. आभाळ दिसत नाही.

प्रतिबिंबाचे गणित पदार्थविज्ञानाच्या सरांनी समजावून दिले. पाण्यावर उभे राहून सरळ खाली पाहिले तर पडलेल्या उजेडाचा जेमतेम दोन टक्के भाग परतून डोळ्यांकडे येतो. नजर पाण्याशी पंधरा-वीस अंशांचा कोन करील इतक्या खालून पाहिले तर तोच भाग सहा ते दहा पट होतो. म्हणजे चांदणे पाहायचे तर माणूस खाली बसला पाहिजे. आम्ही हातभर उंचीच्या खुर्चीचा बेत रद्द केला आणि धुण्याचा जुना दगड हौदापासून अकरा फुटांवर, भिंतीशी हलवून ठेवला. आजीची नजर बसल्यावर जमिनीपासून तीन फुटांवर येते. तेथून फणसाची उजळलेली फांदी पाण्यात पुरती दिसते, आणि पौर्णिमेच्या मागेपुढे दोन दिवस, आभाळ मोकळे असले तर, चंद्रही दिसतो. दुसऱ्याच्या झाडाचा असा उपयोग करून घेणे हे अप्पलपोटेपणाचे लक्षण समजू नये. जपानी उद्यानकलेत बाहेरचा देखावा बागेत उसना घेणे ही मान्य रीत आहे. ओकायामाचे कोराकुएन उद्यान १७०० साली पुरे झाले, त्यात जवळचा किल्ला आणि टेकड्या असेच बागेचा भाग होऊन बसल्या आहेत. त्याच उद्यानावरून पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभे राहिले. त्यांनी डोंगर उसना घेतला, आम्ही फणस. शेजारच्या काकूंना पाण्यातला फणस दाखवायला मुद्दाम बोलावले होते. त्यांनी प्रतिबिंबातले फणस मोजले आणि "यंदा एक कमी दिसतोय" म्हणाल्या.

झाडांबद्दल थोडक्यात. सावली आणि ओल यांत जगणारी झाडे घेतली. हौदाच्या काठाला वेखंड आणि अळू, भिंतीच्या फटीत आपोआप आलेले नेचे, कोपऱ्यात सोनटक्का. सोनटक्क्याची शिफारस मी विशेष करीन: पावसाळ्यात फुलतो, पांढरा असल्याने अंधारातही दिसतो, आणि संध्याकाळी त्याचा वास दिव्यापेक्षा आधी पोचतो. दुसऱ्या टोकाला अनंत. हिरवळ लावली नाही; चार हजार मिलिमीटर पावसात तिचा चिखल आणि एप्रिलमध्ये तिचे गवत होते. दोन कारव्या लावल्या आहेत. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तोवर मी कोठे असेन कोण जाणे.

राहता राहिला आजीचा मूळ प्रश्न, रात्रीचा. ज्येष्ठाच्या तोंडाशी, पाऊस यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत, राजमाचीच्या रानात काजव्यांची झाडेच्या झाडे लकाकतात; ते पाहायला हल्ली गाड्या भरून माणसे येतात. आजी सांगते की, पूर्वी काजवे आमच्या परसातही येत आणि ती मुलांना ते मोजायला लावून झोपवी. काजवा हा खरे तर भुंग्यांच्या कुळातला. त्याचा उजेड थंड असतो आणि तो उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. भोवती मोठे दिवे असले तर ती साद दिसत नाही, आणि साद दिसली नाही तर पुढची पिढी नाही. त्याच्या अळ्या ओल्या पाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढतात. म्हणून आम्ही फणसाखालचा पाचोळा झाडणे बंद केले, औषध फवारणे बंद केले, आणि मेच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत तिन्ही दिवे घालवून ठेवायचे ठरवले. त्या दिवसांत पायरीवर काचेच्या हंडीत एक पणती, ती आजी बसेपर्यंत.

परंतु मागच्या बंगल्याच्या कुंपणावरचा दिवा आमच्या हातात नव्हता. त्याचा पांढरा झोत आमच्या भिंतीवरून थेट हौदात उतरे. मालक महिन्यातून एकदा येणारे. बाबा रखवालदारांना भेटायला गेले. लोणावळ्यात चिक्की कोण कोणाला नेऊन देणार, म्हणून आईच्या हातचे करवंदाचे लोणचे नेले. रखवालदारांचे म्हणणे रास्त होते: दिवा चोरांसाठी आहे, बंद करता येणार नाही. बाबांनी विचारले, "चोर येतील ते जमिनीवरून येतील ना? मग उजेड जमिनीवर पडू दे." तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कापून त्याची टोपी केली, बाबांनी शिडी धरली आणि रखवालदारांनी ती बसवली. झोत खाली वळला. त्यांच्या फाटकापाशी उजेड पहिल्यापेक्षा जास्त झाला, आणि आमच्या भिंतीवर कित्येक वर्षांनी अंधार पडला.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही रोज साडेसातला बसत होतो. पहिल्या चार दिवसांत काहीच दिसले नाही. पाचव्या दिवशी पाचोळ्याच्या बाजूने एक ठिपका उठला, हौदावरून गेला, आणि खालच्या पाण्यातून दुसरा त्याच्याबरोबर गेला. आजीच्या मते ते दोन काजवे होते. मी प्रतिबिंबाचा नियम सांगू लागले, तर तिने मला गप्प बसायला सांगितले. सहाव्या दिवशी पाऊस आला. पंप काढून आत ठेवला. रखवालदारांच्या दिव्यावरची पत्र्याची टोपी वाऱ्याने उडाली असून ती नव्याने बसवायची आहे.